नदीकाठच्या बाकावरची पितळी पाटी

मी, मेरियल पॉथेकरी, वय ७१ वर्षे, धंदा पूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरात, सध्या घरीच, राहणार चर्च लेन, ॲशकोम, डॉर्सेट. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, काल नदीकाठी घडलेल्या प्रकाराबाबत विचारल्यावरून सांगते की,

माझे पती क्लेमंट गेल्या नोव्हेंबरात वारले. आमचा संसार त्रेचाळीस वर्षांचा. ते दर बुधवारी गावातल्या पायी फिरणाऱ्यांच्या मंडळासोबत जात. वाट ठरलेली. चर्चच्या फाटकापासून माळ, पुढे ओकचे रान, मग नदीच्या काठाने फिरून परत फाटकाशी. पाच मैल. माझा गुडघा दुखत असल्याने मी कधी गेले नाही. "काय असतं तिथे?" असे विचारल्यास ते "चिखल" एवढेच सांगत.

सोमवारी कसायाच्या दुकानातील रांगेत मला समजले की, नदीकाठी माझ्या पतींच्या नावाने बाक बसवला आहे. मला कोणी विचारले नव्हते. काल मंगळवार, दि. २७ एप्रिल रोजी सकाळी दहा वाजता मी एकटी निघाले. माळावर काटेरी झुडपे पिवळी फुलली होती. रानात झाडांखाली निळी फुले होती. चिखल नव्हता.

बाकापाशी पोचण्यास पाऊण वाजला. पाटीवर लिहिले होते, "क्लेमी. तो नेहमी इथे थांबायचा." आमच्या घरात त्यांना क्लेमी कोणी म्हणत नसे. मी स्क्रू-ड्रायव्हरने पाटी काढली. स्क्रू-ड्रायव्हर घरूनच नेला होता, हे खरे आहे.

तेवढ्यात मिस ऑड्री गॉलप, वय अंदाजे ६५, थर्मास घेऊन आल्या. त्या रोज तिथे येतात, असे त्यांनीच सांगितले.

"अहो मेरियल, हे काय! ती पाटी मी लावलीय!"

"म्हणूनच काढली. तुम्ही कोण लागता त्यांच्या?"

"कोणी नाही. सोबत चालायचो. मंडळी पुढे जायची, आम्ही इथे चहा प्यायचो."

"आणि?"

"आणि काय? तो बोलायचा. काय बोलायचा हो! माळावर सुरू झाला की नदी आली तरी तोंड मिटायचं नाही."

"कशाबद्दल?"

"बरंच काही. धाकट्या भावाबद्दल फार. लहानपणी बुडाला ना तो, त्याबद्दल."

माझ्या पतींना धाकटा भाऊ होता, हे मला काल समजले.

त्यानंतर मी पाटी नदीत टाकली. मिस गॉलप ती काढण्यास पाण्यात उतरल्या व पाय घसरून पडल्या. मी त्यांना ढकलले नाही. हात देऊन बाहेर काढले. पाटी सापडली नाही.

फाटकापर्यंतची वाट आम्ही बरोबर चाललो. त्या रडत होत्या. भावाचे नाव मी विचारले नाही, त्यांनी आपण होऊन सांगितले. ते येथे लिहू नये.

माझा जबाब मला वाचून दाखवला. त्यात मिस गॉलप यांचा उल्लेख "पतीची मैत्रीण" असा आला होता. तो मी खोडायला लावून "सोबत चालणारी बाई" असा करून घेतला. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.