दहा लाख एक

अध्यक्ष श्यामरावजी कापगते, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती रिता मेश्राम मॅडम, त्यांचे कुटुंबीय, माझे जुने सहकारी, गावकरी मंडळी आणि मुलांनो,

मॅडमच्या शिस्तीबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलून गेले. मग माझ्यासाठी उरलं काय? एक संख्या. दहा लाख एक. हसा, हसा! निरोपाच्या भाषणात संख्या कोण आणतो? पण चार वर्षांपूर्वीपर्यंत मी या शाळेचा मुख्याध्यापक होतो, गणितही शिकवायचो, आणि ही संख्या इथे मीच आणली.

दोन हजार अकरा साली जिल्ह्याच्या गणित शिबिराला आपल्या शाळेतून एकालाच जाता येणार होतं. निवडीचा पेपर मी काढला. शेवटचा प्रश्न असा: दहा लाख एक ही संख्या मूळ की संयुक्त? आता बघा, एकक स्थानी एक, म्हणजे दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज दोन, म्हणजे तीनही बाद. सातानं भागलं, बाकी दोन. अकरानं भागलं, बाकी दोन. तेरानंही दोनच! मला वाटलं, ही काही कुणाला दाद देत नाही. उत्तर 'मूळ' ठरवून मी मोकळा झालो. सतराची पायरीसुद्धा चढलो नाही.

नववीतल्या तृप्तीनं 'संयुक्त' लिहिलं. मी शून्य दिलं. दोन गुणांनी तिचं शिबिर हुकलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम तिची उत्तरपत्रिका घेऊन माझ्यासमोर उभ्या. "सर, मागचं पान पाह्यलं नाही का जी तुम्ही?"

मागच्या पानावर शंभराच्या आतल्या पंचवीसच्या पंचवीस मूळ संख्यांनी केलेले भागाकार होते, सगळे फसलेले. सव्विसावा एकशे एकनं. भागाकार नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य.

"मॅडम, नाव धाडून झालं. आता कायले वाढवता?"

"नाव राहू द्या जी. वर्गात येऊन एवढंच सांगा, का पोरीचं बरोबर होतं."

मी गेलो नाही. लाज वाटली, दुसरं काही कारण नाही. शेवटी मॅडमनीच तिला सांगितलं. तिनं म्हणे विचारलं, "मंग सर काहून नाही सांगून राहिले?" पुढे दहा वर्षं मॅडमनी माझ्या शेजारी बसून डबा खाल्ला, पण विषय काढला नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तृप्तीनं दहावीनंतर गणित सोडलं. ते यामुळेच, असं मी म्हणत नाही. यामुळे नाही, असंही म्हणवत नाही.

मॅडम, तुम्हाला उदंड आरोग्य लाभो. आयोजकांनी बोलायला उभं केलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सर्वांचा आभारी आहे. आजच्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. त्या पेपरची माफी मात्र सगळ्यांकडे मागून भागणार नाही. ती जिच्याकडे मागायची, ती चौथ्या रांगेत लेकीला मांडीवर घेऊन बसली आहे.

तृप्ती, माझं चुकलं होतं. तुझं उत्तर बरोबर होतं.