पोलला लागलेला बॉल

मी मूळचा कोल्हापूरचा, पेठेतला, आणि आमच्याकडं काय सांगू तुम्हाला, पोरगं चालायला लागलं की पहिली लाथ बॉललाच मारतंय, क्रिकेट बिकेट नंतर. वडलांचं सायकलचं दुकान होतं, मी बी.कॉम.ला, पण वर्गात कमी आणि मैदानावर जास्त, पुढं विद्यापीठाच्या टीमचा कॅप्टन झालो, फॉरवर्ड खेळायचो. मॅच जिंकली की गुलाल हा ठरलेला, केसापासून बुटापर्यंत, आई कपडे धुताना शिव्या द्यायची, आणि पानपट्टीवाला लांबूनच ओरडायचा, काय दिग्या, आज किती घातलेस? लई मस्ती होती अंगात, खोटं कशाला बोलू.

मग विद्यापीठांच्या स्पर्धेची सेमीफायनल आली, बरोबरी चाललेली, शेवटी शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली, मारायची कुणी तर मीच, आणि मी मारली ती पोलला. टण्ण करून आवाज आला, तो आवाज मला अजून येतो बघा. मुंबईच्या एका क्लबचा माणूस मला बघायला म्हणून आलता, तो चहासुद्धा न घेता उठून गेला. पुढच्या सीझनला गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि विषय संपला. एवढे गोल घातले, ते कुणाच्या ध्यानात नाहीत, दिग्याचा पोल्या झाला तो झालाच, मित्र व्हिडिओ कॉलवर अजून तेच म्हणतात, ए पोल्या, तिकडं थंडी काय म्हणती.

तर मेलबर्नला आलो अकाउंटिंगच्या कोर्सला. पीआर मिळाली, म्हणजे कायम राहायची परवानगी, पण अकाउंटंट काय झालो नाही. डँडेनॉन्गला फोर्कलिफ्ट चालवली, सुनीताशी लग्न झालं, वेरिबीला घर घेतलं, आता इथंच एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. डँडेनॉन्गच्या पहिल्याच शिफ्टला एकानं विचारलं, मेट, फुटी खेळतोस का? मी छाती काढून म्हणलं, युनिव्हर्सिटी कॅप्टन! लंचला त्यानं लांबट बॉल आणून हातात दिला. म्हणलं हे काय, नारळ? सगळे खो खो हसले. इथं फुटी म्हणजे तो, हातानं पण खेळायचा, आणि आपल्या फुटबॉलला हे सॉकर म्हणतात. त्या दिवसापासून मी त्या खेळाशी कट्टीच घेतली, टीव्हीवर लागला तरी चॅनल बदलायचो.

आणि माझ्या पोरीनं, ईरानं, नेमका तोच खेळ धरला. तेरा वर्षांची आहे. मी तिला सॉकरचे बूट आणून दिलेले, ते घालून ती फुटीला जायला लागली. दोन सीझन खेळली आणि मी एक मॅच बघायला गेलो नाही, रविवारी ओव्हरटाइम आहे म्हणायचो, सुनीता सोडायची. पण फायनल आली तेव्हा ईरा म्हणाली, बाबा, प्लीज, मी सगळ्यांना सांगितलंय माय डॅड वॉज अ स्टार. आता स्टार म्हणल्यावर कोण थांबतंय? गेलो. जाताना गेल्या गणपतीतला उरलेला गुलाल खिशात घातला.

पोरी चिखलात लोळून खेळत होत्या, ईरा तर अशी धावत होती, अगदी माझी चाल. मी गोल मोजत होतो, आमचे चार, त्यांचे तीन. मॅच संपल्याचा भोंगा वाजला आणि मला काय झालं कुणास ठाऊक, बंद पडलेला गुडघा घेऊन मी पळत आत गेलो, जिंकलो रे जिंकलो, आणि पुडी फोडून सगळ्या पोरींच्या डोक्यावर गुलाल उधळला. कुणीच ओरडेना. बघतो तर पोरी रडत होत्या, गुलाबी गालांवर ओघळ, आणि पलीकडची टीम रिंगण करून त्यांचं गाणं म्हणत होती. डेब म्हणून कोच आहे, ती हळूच म्हणाली, मेट, वी लॉस्ट. बाय अ पॉइंट.

आता बघा, त्या खेळात गोलला सहा पॉइंट आणि चुकून बाजूनं गेला, पोलला लागला, तरी एक पॉइंट. त्याला बिहाइंड म्हणतात. त्यांचे असले चुकलेले सात होते, आमचा एकही नाही. शेंबड्या पोराला माहीत असतं इथल्या. मला नव्हतं. गाडीत ईरा एवढंच म्हणाली, यू डिडन्ट इव्हन नो द स्कोर, बाबा. जमीन फाटावी असं वाटलं मला. हरल्याचं काय नाही हो, हरलोय मी लई वेळा, पण पोरगी दोन वर्षं काय खेळते हे बापाला माहीत नाही, हे तिच्या मैत्रिणींसमोर उघडं पडलं. परत येऊ नकोस म्हणाली.

ह्या सीझनला मी जातो, पण गाडीतच बसतो. इथं मैदानाच्या कडेला गाड्या लावून लोक आतूनच बघतात, आपला गोल झाला की हॉर्न वाजवतात. मी नियम शिकलोय, अंपायरनं दोन झेंडे हलवले की गोल, एक हलवला की बिहाइंड. परवा ईरानं लांबून किक मारली, बॉल गेला तो थेट पोलला, टण्ण. एक झेंडा. माझा हात आपसूक हॉर्नवर गेला आणि मी दाबूनच धरला. सगळं मैदान माझ्याकडं बघायला लागलं, म्हणलं झालं, परत घातली माती.

मॅच झाल्यावर ती खिडकीशी आली. बाबा, हॉर्न गोलला वाजवतात, बिहाइंडला नाही. म्हणलं माहिती आहे गं. मग का वाजवलास? म्हणलं, पोलला लागला ना, एक पॉइंट असतो. पोल्या कोण ते तिला माहिती आहे. मग चिखलाच्या बुटांसकट आत बसली आणि म्हणाली, नेक्स्ट वीक बाहेर येऊन उभा राहा. पण नो गुलाल.

डेब दिसली की मी अजून मान खाली घालतो, लाज काय गेलेली नाही, जाणार पण नाही. रविवारी कुंपणाशी उभा राहीन. देव करो आणि माझ्या पोरीचे पोलला लागलेले सगळे मोजले जावोत.