उल्काची दोन बोटं

आमचं मूळ चाकणजवळच्या महाळुंग्याचंच. आता जिथं कंटेनर रांगेनं उभे असतात ना, तिथं आमचं हरभऱ्याचं रान होतं, ते कंपनीत गेलं तेव्हा मी सातवीत होतो, आणि काय सांगू तुम्हाला, मला त्याचं दुःखबिख काही झालं नव्हतं, कारण रानाभोवती जी पांढरी भिंत घातली तेवढी मोठी पांढरी भिंत मी तोवर बघितलीच नव्हती. विटेचा तुकडा घेऊन मी तिच्यावर घोडा काढला. वॉचमननं कानाला धरून घरी आणलं, आई त्याला म्हणाली, पुन्हा न्हाई काढायचा हो तो, आणि तो गेल्यावर मला म्हणाली, घोड्याला शेपूट का न्हाई रं काढलं.

तर हात तेव्हापासूनचा. शिकलो मात्र चिंचवडला, गणपतीच्या कारखान्यात, दोन सीझन. तिथल्या मिस्त्रींनी एकच गोष्ट डोक्यात घातली, डोळे सगळ्यात शेवटी, आधी डोळे काढलेस तर मूर्ती तुझ्याकडे बघत बसते आणि तुझा हात चुकतो. ते मी अजून पाळतो. भिंत असो, कॅनव्हास असो, उल्काचे डोळे शेवटी. पहिला काढायचा तिचा डावा हात.

उल्काबद्दलच लिहायचंय ना तुम्हाला, सांगतो. पण तिच्याआधी प्रेस शॉप सांगायला लागेल, त्याशिवाय ती कळायची नाही. लोक आता मला चित्रकार म्हणतात, मी दहा वर्षं प्रेस शॉपला होतो, आमच्याच गावाच्या हद्दीतली कंपनी, प्रेसखाली दाबून पत्र्याचे पार्ट निघायचे. हेल्पर म्हणून लागलो, लाइन लीडर झालो. सगळे मला पेंटरच म्हणायचे, कारण खिशात कायम एक बारका ब्रश असायचा, पार्ट टाकायच्या पेट्यांवर, म्हणजे बिनवर, नंबर, मशीन नंबर, खंडेनवमीला मशीनवर स्वस्तिक, सगळं माझ्याकडे.

माझ्या लाइनला भागवत होता. परभणीकडचा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, बारीक अंगाचा, आणि बोलायला लागला की कॅन्टीनमध्ये अख्खं टेबल जेवायचं विसरायचं. उल्का त्याची. हे मी आज तुम्हाला सरळ सांगतोय, पण नऊ वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. उल्का मिस्त्री. एक भलंमोठं यान आहे, आपल्या चाकणच्या सगळ्या कंपन्या मावतील एवढं, ते दुसऱ्या ताऱ्याकडे चाललंय, आतली माणसं शंभर-शंभर वर्षं झोपलेली, आणि जागी एकटी ही, कमरेला पाना, दंडाला तेलाचं फडकं, काही बिघडलं की हिनं दुरुस्त करायचं. भागवत रोज एक बिघाड सांगायचा. कुणी विचारायचं, अरे ती जेवते काय, तर म्हणायचा, कॅन्टीनचीच आमटी आहे गड्या, तिथं पण पाण्यासारखीच. कुणी म्हणायचं, लग्नाचं काय तिच्या, तर म्हणायचा, स्थळं झोपलेली आहेत, उठली की बघू. आणि मी तिकडं खडूनं बिनवर तिला काढायचो. तो बघायचा, म्हणायचा, पेंटर, नाक जरा आपल्याकडचं काढ, हिरॉइन नाही ती, मिस्त्री आहे.

आता बोटांचं सांगतो.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली पडतो, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. पण तसं काम हळू होतं. म्हणून काय करायचे, सगळेच करायचे, एका बटणाच्या फटीत लाकडाची पाचर मारायची, ते दाबलेलंच राहतं, मग एका हातानं पार्ट ठेवायचा नि दुसऱ्यानं प्रेस पाडायचा. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करायचा, कारण टार्गेट त्यालाही होतं. त्या दिवशी सकाळी भागवतनंही पाचर लावली होती. दुपारी त्याला कसल्यातरी फॉर्मवर सहीसाठी ऑफिसात बोलावलं, जाताना त्यानं ती काढली आणि बिनमध्ये टाकली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. लाइन मागं पडलेली, म्हणून मी त्याच्या प्रेसवर बसलो. पाचर शोधायचा कंटाळा केला. खिशातला ब्रश काढला आणि त्याचा दांडा डाव्या बटणात मारला. वीस मिनिटं चालवला. मग कुणीतरी हाक मारली, पलीकडच्या मशीनला काहीतरी झालं होतं, मी उठून गेलो. दांडा तसाच.

भागवत आला आणि बसला. पार्ट अडकला असणार, त्यानं डावा हात आत घातला सोडवायला, उजवा सवयीनं बटणावर टेकलेला. आपण पाचर काढलीय, दोन्ही हात लागल्याशिवाय हा पडत नाही, हा त्याचा भरवसा.

मी पहिला पोचलो. आणि मी पहिलं काय केलं असेल? मशीन बंद केलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मी आधी दांडा उपटून खिशात टाकला, राव. मग मशीन बंद केलं, मग ओरडलो. एवढासाच वेळ गेला त्यात, पण तो गेला, आणि तो मीच घालवला. अंगठ्याजवळची दोन बोटं गेली त्याची.

हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी गेलो तर तो मलाच समजवायला लागला, पेंटर, तोंड पाडू नको, माझीच चूक आहे, मला वाटलं मी पाचर काढली, नसणार काढली. मी त्याच्या पायाशी बसलो होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. मी त्याची चादर सारखी करत राहिलो. कंपनीनं कागद आणला, ऑपरेटरचा निष्काळजीपणा असं लिहिलेला, लाइन लीडर म्हणून खाली माझी सही. केली. आणि निघताना भागवत म्हणाला, आता उल्काची पण दोन बोटं काढून टाक. ती कशी गेली ते मी रचतो. त्यानं रचलंही पडल्यापडल्या, की ती एकदा दाराची कळ लावायला विसरली, तिच्याच चुकीनं गेली, म्हणून ती झोपत नाही.

त्यानंतर दोन वर्षांत मी कंपनी सोडली. तो आधीच गेला होता, हिंजवडीजवळ माणला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. मी दुकानांच्या पाट्या केल्या, शाळांच्या भिंती केल्या, मग हिंजवडीकडे फ्लॅट झाले, कॅफे झाले, त्या लोकांना भिंतीवर वेगळं काहीतरी लागतं. एका कॅफेवाल्याला मी उल्का दाखवली. त्यानं विचारलं, ही कुठल्या पिक्चरमधली? मी म्हटलं, माझी आहे. असं सहज तोंडातून निघालं, पाणी पितो तसं.

मग ती चाललीच. आयटीवाली जोडपी मुलींच्या खोलीत काढून घ्यायला लागली. मी मोठा आव आणून सांगायचो, यान कसं, शंभर वर्षांची झोप कशी, भागवतचेच विनोद, आमटीसकट. माझी पद्धत अशी, भिंत घासायची, प्रायमर मारायचा, सुतळीला खडू फासून चौकोन पाडायचे, मग आधी हात. त्यासाठी मी माझ्या डाव्या हाताची ती दोन बोटं दुमडून रबरबँडनं बांधायचो, पाना धरायचो, मोबाइलवर फोटो काढायचो आणि तो बघून काढायचो. रबरबँड जरा वेळ राहिला की बोटं निळी पडतात, मुंग्या येतात. मी मुद्दाम जास्त वेळ ठेवायचो. त्यानं काय होणार होतं, काहीच नाही, पण ठेवायचो. आणि हात रंगवायला तोच ब्रश. दांड्यावर बटणाच्या कडेची खाच पडली होती, ती अंगठ्याला लागायची.

गिऱ्हाईकं काय काय म्हणायची. एक बाई म्हणाल्या, हिला जरा उजळ करा ना. एक जण म्हणाला, हसू द्या की तिला, एवढी मिस्त्रीण आहे पण वीजबिल भरायला आल्यासारखी दिसते. मी उजळ केली नाही, हसवली नाही, बोटांना तर हात लावू दिला नाही. दोन कामं गेली त्यापायी. बायको म्हणाली, अहो, भिंतीवरच्या बाईच्या बोटांसाठी घरी आलेलं माणूस परतवून लावता, काय म्हणावं तुम्हाला. मला वाटायचं, एवढं एक तरी मी सांभाळतोय. भागवतला फोटो पाठवायचो. तो लिहायचा, झकास, काढत राहा, तिला लोकांनी बघावं. माझं नाव सांगतोस का, असं त्यानं एकदाही विचारलं नाही.

मागच्या वर्षी चाकणच्या एका कंपनीचं काम आलं. प्रेस शॉपच. नव्या पोरांच्या ट्रेनिंगची खोली, मोठी भिंत, त्यावर उल्का हवी, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबताना. अधिकारी तरुण होता, बोलायला गोड. स्केच बघून म्हणाला, सगळं छान आहे, फक्त डावा हात पूर्ण करा, पोरं पहिल्याच दिवशी घाबरतील, आपल्याला पॉझिटिव्ह ठेवायचंय. मी म्हटलं, साहेब, हीच तर तिची ओळख आहे. तो म्हणाला, तुमचीच आहे ना ती, मग तुम्ही बदलू शकता की.

माझी नाही, असं म्हटलं असतं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. त्या दिवशी रबरबँड लावला नाही. हात नुसता उघडला, फोटो काढला आणि पाच बोटं काढली. सोपं गेलं, काय सांगू तुम्हाला, इतकं सोपं गेलं.

भागवतला तो फोटो मी पाठवला नव्हता. पण त्या कंपनीनं खंडेनवमीला ट्रेनिंगच्या खोलीतल्या मशीनची पूजा केली, त्या फोटोंत मागं ती भिंत आली, उल्काला झेंडूचा हार, कपाळाला कुंकू, आणि कुणीतरी हौसेनं पाचही बोटांना हळदीकुंकू लावलेलं. असे फोटो मोबाइलवर फिरतात. चार दिवसांनी त्याचा फोन आला. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. म्हणाला,

"पेंटर, बोटं कुठून आणलीस रे? मला पण सांग गड्या, जाऊन माझी घेऊन येतो."

आणि हसला. मी फोन ठेवला आणि माणला गेलो. दुपारची वेळ, गेटवर वर्दळ नव्हती. त्यानं केबिनमध्ये स्टूल दिलं, चहा मागवला. बाजूला गेटची जुनी रजिस्टरं होती, पाहुण्यांची नावं लिहितात ती, त्यांच्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर उल्का. अकरा वर्षं तो लिहीत होता. मला माहीतच नव्हतं. एक रजिस्टर उघडून मला वाचायला दिलं. प्रत्येक गोष्टीत कुठं ना कुठं ती कळ येते, ती दर वेळी कळ तीनदा तपासते, तरी तिला वाटतं आपण विसरलो.

मला पुढचं वाचवेना. मी खिशातून ब्रश काढला आणि त्याच्यासमोर रजिस्टरवर ठेवला. म्हटलं, भागवत, तुझी पाचर तू काढली होतीस, बिनमध्ये टाकली होतीस, मी बघितलंय. बटणात हा होता. मी मारला होता, आणि तू ओरडायच्या आत मीच काढून घेतला.

त्यानं ब्रश उचलला, तीन बोटांनी. दांड्यावरच्या खाचेवरून अंगठा फिरवला. गेटवर एक गाडी येऊन हॉर्न द्यायला लागली, तो उठला, गाडी आत घेतली, नंबर लिहिला, परत येऊन बसला. मला वाटलं आता मारेल. मारावं असं वाटत होतं. तो म्हणाला,

"म्हणजे उल्काची चूक नव्हती."

मी म्हटलं, नव्हती. तुझी पण नव्हती. तो म्हणाला, माझं राहू दे. तिला मी अकरा वर्षं जागं ठेवलं. मग त्यानं रजिस्टर माझ्या हातातून काढून घेतलं, फार जपून, आणि म्हणाला, आता तू तिला काढू नको पेंटर. कुणालाच काढून देऊ नको. तुला माहीत असलेली उल्का खोटी निघाली, ती त्या कंपनीच्या भिंतीवर राहू दे पाच बोटांची. खरी मला पहिल्यापासून लिहायला लागेल. ब्रश त्यानं शर्टाच्या खिशात ठेवला. चहा आला होता, तो त्यानं मला प्यायला लावला, तसं जाऊ दिलं नाही. त्यानंतर त्याचा फोन नाही, आणि मी केलेला त्यानं उचललेला नाही.

सहीचा कागद त्या दिवशी सांगायचा राहिला. खरं तर राहिला नाही, एकदम एवढंच जमलं. तो तुम्ही लिहाल तेव्हा त्याला कळेल, म्हणून तर बसलोय तुमच्यासमोर.

आता बालवाडीच्या भिंती करतो. ससा, हत्ती, फुगे. घोडा काढला तर शेपूट आठवणीनं काढतो. अजून फोन येतात, ती यानातली बाई करून द्या म्हणून, मी सांगतो ती माझी नाही, दुसऱ्या एका माणसाची आहे, लोकांना वाटतं दर वाढवायला बोलतोय. त्या चाकणच्या खोलीत ती अजून दोन्ही हात बटणांवर ठेवून उभी आहे, येत्या खंडेनवमीला पुन्हा हार घालतील. माझं काही सांगू नका, मी आहे तसा आहे. पण तिकडं रजिस्टरात कुठं असेल तर तिला झोप लागो, एवढंच म्हणतो. शंभर वर्षं म्हणत नाही. एक रात्र तरी.