मासा, रताळं, तिसरं काही नाही

—मग बस ना, दारात उभ्यानं काय बोलतेस, त्या खुर्चीवर बस, केस आहेत तिच्यावर, पण या घरात केस कशावर नाहीत ते सांग, परवा चहात निघाला एक, पांढरा, मला आधी वाटलं माझाच, पण माझे कुठले इतके मऊ. तो नाहीये. आत्ताच तुझ्याकडून भुऱ्याला घेऊन आला, पट्टा सोडला, पिशवी घेतली आणि परत खाली उतरला, मासे संपलेत. येईल अर्ध्या तासानं, मासेवाल्याशी काट्यांवरून वाद घातल्याशिवाय माझा भाऊ घरी येत नाही, तुला माहीत असेलच—नवरा आहे तुझा. आणि तू त्याच्या पाठोपाठ आलीस! कोपऱ्यावर थांबली होतीस ना, तो जाईपर्यंत? थांबलीच असणार. काय म्हणालीस? वन्सं? सहा वर्षं झाली लग्नाला, पहिल्यांदा ऐकतेय हो हा शब्द. एरवी मी ‘तुमची बहीण’ असायचे. ‘तुमच्या बहिणीला सांगा आम्ही येणार नाही.’ असू दे, असू दे, मी काही मनात ठेवत नाही.

त्या फ्रिजकडे बघू नकोस, म्हणजे बघ, पण मळमळेल. सात फोटो आहेत कुत्र्याच्या शीचे, एक नंबर म्हणजे गोटी, सात नंबर म्हणजे पाणी. डॉक्टरीणबाईंनी दिलाय तो तक्ता, म्हणाल्या, रोज बघायचं आणि वहीत नंबर लिहायचा. दोन चांगला, तीन चालेल, पाचच्या पुढे फोन करा. तो तुझं घर सोडून भुऱ्याला घेऊन इथे राहायला आला त्याला आठ महिने झाले, तेव्हापासून मी दूध काढायला फ्रिज उघडते तेव्हा आधी ते दर्शन होतं. लोकांना वाटतं, हस्की आहे, लांडग्याचा चुलतभाऊ, दगड पचवेल—आणि याचं पोट परीक्षेला बसलेल्या पोरासारखं, जरा खुट्ट झालं की सुटलं. तुझ्याकडे असताना तू त्याला काय काय दिलंस, पावाचे तुकडे, तुझ्या ताटातली कोंबडी, नाही म्हणू नकोस, त्यानंच सांगितलंय. इथे आला तेव्हा फासळ्या मोजता येत होत्या. मी आधी पिशवीतलं कोरडं खाणं आणलं, नाही सोसलं. मग कोंबडी-भात, तोही नाही. मटण दिलं, तर गालिचा टाकून द्यावा लागला. तेव्हा बाई म्हणाल्या, असं चाचपडत बसू नका, आठ आठवडे एकच मांस, एकच कंद, तिसरं काही नाही, बिस्कीटसुद्धा नाही. त्यानं आयुष्यात न खाल्लेलं निवडा. म्हणून मासा आणि रताळं. मासा वाफवायचा, काटे बोटांनी चाचपून काढायचे—डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही—रताळं उकडून कुस्करायचं, सगळं वजनकाट्यावर तोलून. मी माझं स्वतःचं जेवण कधी तोललं नाही गं.

आणि रविवारचा डबाही मीच भरते. का? तो म्हणाला होता की दर रविवारी भुऱ्या दिवसभर तुझ्याकडे असतो तर तिथेही हेच खाऊ दे, म्हणून. आधी नुसता सोडून यायचा, मग चहाला थांबायला लागला, मग जेवायला. येताना शीळ घालत यायचा. मला कळत नाही असं वाटतं त्याला. मग एक दिवस म्हणाला, ताई, भुऱ्याचे आठ आठवडे नीट गेले ना, की आम्ही दोघं परत जाऊ. आम्ही दोघं म्हणजे तो आणि कुत्रा! स्वतःला जायचंय म्हणायची लाज, म्हणून कुत्र्याला पुढे करतो, लहानपणापासून असाच, भूक त्याला लागायची आणि सांगायचा, ताई, मांजराला भूक लागलीय. मी म्हटलं, जा हो, अवश्य जा, पण त्या घरी त्याचं पोट टिकत असेल तर जा. आणि बघ ना काय झालं—सोमवार ते शनिवार दोन नंबर, दोन नंबर, तीन, दोन, आणि दर सोमवारी सहा. वहीत आहे, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. पहिला सोमवार सहा, दुसरा सहा, तिसरा तर सात. मी नुसती वही त्याच्यासमोर ठेवली. तुला फोन करून ओरडला ना तो? इथूनच केला, त्या खिडकीत उभा राहून. तू रडलीस म्हणे. तू म्हणालीस, शपथ घेते, डब्यातलं सोडून दुसरं काही दिलं नाही—आणि तो मला म्हणाला, ताई, इतकं खोटं कसं बोलवतं गं हिला?

आणि आज काय, डबा परत द्यायला आलीस? ठेव तिथे. जड आहे की. भरलेला आहे? म्हणजे आज—अगं मग दिवसभर त्यानं खाल्लं काय? तू केलंस? मासा, रताळं, तोलून? आणि मागच्या रविवारीही? मागच्या रविवारी तू डबा—थांब, मागचा सोमवार—हो, दोन नंबर होता, मीच लिहिलाय. मी म्हटलं असेल एखादा. बरं. म्हणजे तू दोनदा माझा डबा न घालता स्वतः रांधलंस आणि आता असं बघतेयस माझ्याकडे. तर मग शिकलीस म्हणायची, याचा अर्थ इतकाच की मासा तुझा ताजा असेल, माझा मासेवाला लबाड आहे, कधी कधी शिळा देतो. नाही, वास कशाला घेतेस, झाकण लाव, थंड माशाचा वास घेऊन काय कळणार आहे, आणि दुधाच्या पावडरीला मुळी वासच नसतो.

काय? नाही, तू काही म्हणाली नव्हतीस. मीच म्हणाले.

बरं झालं. बरं झालं एकदाचं, किती दिवस तोंडावर हात ठेवून बसायचं. दोन चमचे. रताळ्यात कालवली की दिसत नाही, गोडावर गोड, त्यालाही आवडते, चाटून पुसून खातो बिचारा. दूध सोसत नाही हे बाईंनी तिसऱ्या आठवड्यात सांगितलं—मला आधीच ठाऊक होतं, इथे आला त्याच आठवड्यात माझ्या कपातलं सांडलेलं त्यानं चाटलं होतं. दुखतं का त्याला? दुखतं ना. पोट वर ओढून घेतो, पाठीची कमान करतो, आणि ते त्याचं बोलणं असतं ना, हस्की भुंकत नाहीत, बोलतात, ते बारीक होत जातं. आणि जातो कुणाकडे? माझ्याकडे. माझ्या पायावर डोकं ठेवतो. मग माझा भाऊ सोमवारी कामावर जात नाही. दोघं मिळून फरशी पुसतो, तो पाणी गरम करतो, मी पोट चोळते, दुपारी तिथेच जमिनीवर बसून चहा पितो, आणि तो जुन्या गोष्टी काढतो, आई गेल्यावर मी त्याची वेणीफणी—हस ना, त्याचे केस लांब होते तेव्हा, मी त्याला वेणी घालायचे आणि तो शाळेत मार खाऊन यायचा. ते सगळं काढतो. मंगळवारी परत शीळ. तू सहा वर्षं ठेवलंस ना त्याला? मला सोमवार मिळाले, आठवड्यातून एक. त्याआधी इथे माझ्याखेरीज कुणी खोकलंसुद्धा नव्हतं गं कितीतरी—

जाऊ दे. हे तुला कशाला सांगतेय मी. पूस डोळे, इथे चालत नाही ते.

डॉक्टरांकडे नेणार होतीस डबा? तपासायला? आणि त्याआधी मला विचारायला आलीस. कदाचित ताईंच्या हातून चुकून काही पडत असेल, नवऱ्यासमोर त्यांना कशाला उघडं पाडा—असंच ना? कित्ती चांगली आहेस. मी तुझ्या जागी असते तर सरळ त्याच्या हातात दिला असता. तिथेच फसलीस बघ, चांगुलपणा करायला गेलीस. आण इकडे. सोड, ओढाओढ करू नकोस, माझा डबा आहे, तळाला नाव कोरलंय माझं. हं. बघ, नळ सोडला की कसं सगळं वाहून जातं, मासा, रताळं, तुझी तपासणी. घासून ठेवते, हवा तर ने आता, बाईंना म्हणावं लखलखीत डबा तपासा.

सांगशील त्याला? सांग की. मी कुठे अडवतेय. म्हण, तुमच्या बहिणीनं, जिनं तुम्हाला वाढवलं, जी रोज तुमच्या कुत्र्यासाठी काटे काढते, तिनं त्याला विष घातलं. आणि मी नुसती रडेन. मला रडायला वेळ लागत नाही, तुझ्यासारखं नाक लाल होत नाही माझं, छान दिसते मी रडताना. आधीच्या शपथा त्यानं ऐकल्यात तुझ्या. ही एक आणखी.

ये रे भुऱ्या, ये, राजा. तू उठू नकोस गं, बस तिथेच, तू त्याला ओढलंस तर गुरगुरेल, खाताना मध्ये आलेलं चालत नाही त्याला. आज उद्याची चिंता होती मला, खरंच, आठवा रविवार, मागच्यासारखा उद्याचा सोमवारही चांगला गेला की बॅगा भरल्या असत्या त्यानं, कपाट उघडून ठेवलंय सकाळपासून. म्हटलं, डबा तर गेलाय आपला, होईल ते होईल. आणि तू सांगायला आलीस की डबा खाल्लाच नाही! तू आली नसतीस तर उद्या दोन नंबर होता गं. उद्या तो आला असता तुझ्याकडे. पावडर तीन चमचे घालू या, कोमट पाण्यात, मोठा दिवस आहे. खा, राजा. बघ कशी शेपटी हलवतोय—त्याला काय कळतंय. सगळं खा. दिवसभर तुझ्याकडे होता, आता माझ्याकडे येऊन दहा मिनिटं झालीत, उद्या सकाळी सुरू झालं की कुणाचं खाल्लेलं म्हणणार? तूच सांग. वहीत लिहायचं काय, ‘रविवार, तिकडे डबा घातला नाही, स्वतः काहीतरी दिलं.’ खरंच आहे की, एक अक्षर खोटं नाही. तूच कबूल केलंस.

जिन्यात पावलं. इतक्यात आला? काट्यांवरून भांडला नाही वाटतं आज, खुशीत असेल. वाटी दे इकडे. चेहरा नीट कर.

ये रे, दार उघडंच आहे. अरे, ही आलीय बघ. कशाला म्हणजे, मलाही कळेना, मी आत होते, बाहेर येऊन बघते तर भुऱ्या जिभल्या चाटतोय. त्याच्या नाकावर ते पांढरं कसलं आहे बघ जरा. मी नाही हो, मी त्याला बिस्कीटसुद्धा देत नाही, तुला माहीत आहे. तिलाच विचार ना, काय दिलं म्हणून. विचार, विचार, मी मध्ये बोलत नाही.

बघ. तोवर ती वही दे इकडे, रविवारच्या पुढे लिहून ठेवते.