पावडर टाकण्याआधीची दवंडी

मला कुणी सांगू नका की शिकवलं की माणसं शिकतात! स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत मी आरोग्य खात्यात होतो. कल्याणच्या आसपासच्या गावांत विहिरीत ब्लीचिंग पावडर कशी टाकायची, ते शिकवत हिंडायचो. एका गावात बाळाराम नावाचा माणूस तयार केला. इतका चोख, की पावडर बादलीत कालवून निवळू द्यायचा आणि वरचं पाणी तेवढंच विहिरीत सोडायचा. तरी गावातले जुलाब थांबेनात. एक पोर तर जेमतेम वाचलं. वरिष्ठांनी मला फैलावर घेतलं.

मी तडक सायकल मारत बाळारामच्या घरी गेलो. त्यानं आधी चहा हातात दिला. मी घोट घेत विचारलं, "औषध टाकतोस की नाही?"

"दर शनवारी, साहेब. कालच टाकलं. आधी दवंडी पन देतो. तुमीच सांगितलेलं ना, गावाला कळवल्याबिगर टाकू नको."

"मग?"

"दवंडी झाली की बाया धावत विहिरीवर येतात. हंडे, कळश्या, पिंपं, सगलं भरून ठेवतात. औषधाच्या पान्याला वास येतो ना. तो जाईपर्यंत साठवलेलंच पुरवतात."

माझं डोकंच फिरलं. "अरे, मग औषधाचं पाणी पितं कोण?"

बाळारामनं माझ्या कपाकडे बघितलं.

"तुमी, साहेब. तुमच्या चहाला मी मुद्दाम विहिरीवरनं ताजं आनतो."