तिन्ही स्क्रीन काळे

जळगावला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी प्रिंटर घेऊन बसलो होतो. माझ्या बाकावर शाळकरी पलक मान खाली घालून बसली होती. काउंटरपाशी तिचे वडील रोनकशेठ आणि दुकान चालवणारी दिपमाला बोलत होते.

“ताई, कॉम्प्युटरला एक स्क्रीन लावला की चालतो. तिन्ही लावले की थोड्या वेळात सगळे काळे.”

“तिन्ही एकशे चव्वेचाळीस हर्ट्झवर, म्हणजे चित्र भरभर बदलेल असे ठेवलेत?”

“हिने ठेवले, गेमसाठी. ग्राफिक्स कार्ड हिनेच जाळलं. काल पाहुण्यांसमोर चांगली झापली मी.”

“तेवढ्याने कार्ड जळत नाही, शेठ. जास्त तापतं, म्हणून पंखा नीट फिरायला लागतो. कॉम्प्युटरचा डबा कोणी उघडला होता?”

“माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.”

“मग हा लाल दोरा? कार्डाच्या पंख्यात गुंडाळून बसलाय.”

“मी बांधला,” पलक म्हणाली.

“तू?” दिपमालाने विचारलं.

“दिवाळीला कॉम्प्युटरची पूजा केली तेव्हा. म्हणजे, ताट मी धरलं होतं.”

“शेठ?”

“डबा उघडून दोरा मीच बांधला, ताई. तिला तुम्हीच सांगा, गेमने काही बिघडलं नाही म्हणून. माझ्याच्याने बोलवत नाही.”