फरक पडलाय ना!

अहो, कसला मसाज! मसाज नव्हे म्हणे, मणक्याचं ‘ॲडजस्टमेंट’! तुम्हाला सांगतो, मला पार्किन्सन्स, थरथरतो माझा हात, आणि हा मणकेवाला मान धरून कडाड्कन वाजवतो, वर विचारतो, “भीमरावकाका, फरक पडलाय ना?” काय सांगणार? मान त्याच्या हातात!

मला तिथं नेलं कुणी? आमच्या प्रज्ञेशनं. चिरंजीव हिंजवडीला आयटीत, कंपनीनं अमेरिकेला पाठवलेलं, तिकडे म्हणे सगळे मणके वाजवून घेतात! आमचे न्यूरॉलॉजिस्ट सरळ सांगायचे, आजार जाणार नाही, गोळ्यांवर नीट चालेल. चालत होतं की हो! सकाळची गोळी घेतली की कर्वेनगरातून एकटा मंडईला जायचो, वांगी पारखून आणायचो... पण मणकेवाला म्हणाला, “गोळ्यांनी शरीर आळशी होतं, बंद करा.” झालं! प्रज्ञेशनं गोळ्या कुलपात टाकल्या. म्हटलं, “अरे, डॉक्टरांना विचार तरी!” तर, “बाबा, पॉझिटिव्ह राहा ना!”

आणि एका सकाळी हात थांबला. हात कसला, मीच थांबलो! खुर्चीत ताठ, पाय उचलेना, जीभ हलेना, लाळ गळतेय, डोळे तेवढे उघडे... आणि घरात जल्लोष! “आई, बघ, हात स्थिर! फरक पडलाय ना!” आमची चंपा, जन्मभर संसार केलेली बाई, पदरानं डोळे पुसून पेढे आणायला गेली. मी आतून बोंबलतोय, गोळी द्या रे, गोळी! आणि हा व्हिडिओ काढतोय.

शेवटी पेढाच घशात अडकला, तेव्हा दवाखाना आठवला. डॉक्टरांनी दोघांना झाप झाप झापलं, गोळ्या सुरू झाल्या. हात परत थरथरायला लागला, मी परत बोलायला लागलो. घरात दोन्ही कुणाला आवडलं नाही.

कारण व्हिडिओ तोवर पार वारज्यापर्यंत पोचलेला! आता प्रज्ञेशनं तोंडघशी पडायचं का? म्हणून रविवारी लोक मला बघायला येतात, तेव्हा सकाळची गोळी दुपारी. मुलगी दाखवावी तसं मला इस्त्रीच्या शर्टात बसवतात, चंपा पोहे करते, लोक न्याहाळतात, “काय शांत बसलेत! फरक पडलाय ना?” आणि मला हूं की चूं करता येत नाही.

परवा एक बाई आल्या, नवरा ठणठणीत, कसलाही आजार नाही. चंपाला हळूच विचारतात, “आमचे हे फार बोलतात हो... त्यांचंही असं होईल का?”

चंपानं लगेच पत्ता दिला.